गिअर अडला, तर दोष कुणाचा?

उसाचे बिल हाती आले की आपल्या सभासदांपैकी कुणी ना कुणी जुनी जीप घ्यायला मुंबईची वाट धरतो. सांताक्रूझ-अंधेरीकडच्या गाड्या दिसायला देखण्या. रंग नवा, टायर काळेभोर. कागदपत्रे चारचौघे तपासतात, पण गिअरची काठी नीट हलवून कुणी बघत नाही. मग वर्षभराच्या घामाचा पैसा गॅरेजात जातो.

आमचे मत असे की, गिअर अडतो एवढ्यावरून गाडी नाकारू नये आणि 'ऑईल बदलले की होईल' या शब्दावर घेऊही नये. दोष क्लचचा की गिअरपेटीचा, हे ठरल्याशिवाय विसार देऊ नये. क्लचचे काम त्या मानाने थोडक्यात भागते. पेटी उघडली की खर्चाला मोजमाप राहात नाही.

शहरात फसगत होते त्याला कारण आहे. स्वामी विवेकानंद रस्त्याच्या गर्दीत गाडी दुसऱ्या गिअरच्या पुढे जाईल तर शपथ! ना चढ, ना चिखल, ना मागे ट्रॉली. तिथे झाकून राहिलेला दोष आपल्या काळ्या रानात पहिल्या पावसातच उघडा पडतो.

तेव्हा गाडी थंड असतानाच बघावी. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघावेत. एखादा अडला तर गाडी जरा पुढेमागे ढकलून पुन्हा टाकावा. मग इंजिन चालू करून तेच करावे. बंद असताना सहज पडणारे गिअर चालू केल्यावर अडत असतील, तर बहुधा क्लच पुरता सुटत नाही. बंद असतानाही अडले, तर दोष काठीच्या जोडणीत किंवा पेटीत.

न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर पेटीतल्या बेअरिंगचा संशय धरावा. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर क्लचचे रिलीज बेअरिंग गेले समजावे. उतारावर ऍक्सिलेटरवरून पाय काढल्यावर गिअर आपोआप सुटला, तर पेटी झिजली आहे. तिथे भाव पाडून घेण्यापेक्षा राम राम करावा.

मुंबईत पूर्वी विलीज जीपची जुळणी होत असे. त्या जातीच्या जुन्या तीन गिअरच्या जीपला पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसतो. तो गाडी थांबवूनच टाकायचा. चालत्या गाडीत तो खडखडला म्हणून मालकाला दोष देऊ नये. दुसरा-तिसरा खडखडला, तर मात्र सोडू नये.

चारही चाकांचा जोर डांबरावर तपासू नये. तिथे चाके घसरायला जागा नसते, काठी अडकून बसते आणि चांगली गाडीही वाईट ठरते. मोकळ्या मातीच्या जागेचा आग्रह धरावा.

आणखी एक. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तिथला मिलन सबवे तर पावसाळ्यात तुंबण्याबद्दल प्रसिद्धच. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या पेटीत पाणी शिरू शकते. पेटीचे ऑईल थोडे काढून बघावे. ते दुधाळ दिसले तर पाणी शिरलेले आहे, त्यात लोखंडाची चकाकी दिसली तर दात झिजताहेत.

हे सगळे एकट्या शेतकऱ्याने करावे, अशी अपेक्षा नाही. आपल्या कारखान्याच्या वाहन विभागात वर्षानुवर्षे गाड्या खोलून हात मुरलेले फिटर आहेत. गळीत हंगाम संपल्यावर, माफक फी घेऊन, त्यातला एक जण सभासदाबरोबर पाठवायला काय हरकत आहे? सहकार फक्त उसाच्या वजनकाट्यापुरता नाही. सभासदाचा पैसा वाचवणे हेही कारखान्याचेच काम आहे. संचालक मंडळाने याचा जरूर विचार करावा.