पुस्तकाला घरात जागा कुठे?

‘वाचनाची आवड आहे हो, पण वेळच मिळत नाही,’ हे वाक्य आमच्या समाजाला मिस्सेतील प्रतिसादासारखे मुखोद्गत झाले आहे. व्यासपीठावरील वक्त्याने वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासाबद्दल हळहळावे, समोरच्या मंडळींनी एकमुखाने हा प्रतिसाद द्यावा आणि चहापानाने सोहळ्याची सांगता व्हावी, असा रिवाजच पडला आहे. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी प्रेरणा उदंड मिळते. १६ ऑक्टोबरला ती प्रेरणा घेऊन माणसाने कोठे बसावे आणि किती वाजता पुस्तक उघडावे, हे मात्र कोणी सांगत नाही.

आमचे म्हणणे सरळ आहे. वाचनाची आवड अधांतरी राहत नाही. तिला दिवसातली एक वेळ लागते आणि टेकायला एक जागा लागते. ज्यांनी ही वेळ राखली आणि ही जागा नेमून दिली, त्यांच्यात वाचक निपजले. ज्यांनी दोन्ही काढून घेतल्या, त्यांनी वाचक उरले नाहीत म्हणून गळा काढू नये. आमच्या घरांनी आणि आमच्या धर्मग्रामांनी नेमके हेच केले आहे, असा आमचा आरोप आहे.

प्रथम घराकडे पाहू. वसईच्या वाड्यांतले असो की घाटावरच्या गावातले, आमचे घर गेल्या तीस-चाळीस वर्षांत ऐसपैस झाले, देखणे झाले. दिवाणखान्यात वेदी सजली. दूरदर्शन संचासाठी एक अख्खी भिंत मोकळी ठेवली गेली आणि घरातल्या साऱ्या खुर्च्यांनी तिच्याकडे तोंड केले. काचेच्या कपाटात ठेवणीतल्या बशा आणि मुलांनी मिळवलेले चषक विराजमान झाले. चपलांना मांडणी मिळाली, वाहनाला छप्पर मिळाले. पुस्तकाला काय मिळाले? बायबल वेदीवर आहे खरे. पण बहुतेक ठिकाणी ते हाराखाली झाकलेले, उघडण्यापेक्षा ठेवण्यासाठीच असलेले. बाकीची पुस्तके माळ्यावर, जुन्या पाठ्यपुस्तकांच्या गठ्ठ्यात वाळवीची वाट पाहत पडली आहेत. खिडकीशी एक खुर्ची, खांद्यामागून पानावर उजेड टाकणारा एक दिवा आणि हाताशी चार पुस्तकांची एक फळी, एवढ्याला किती खर्च येतो? नवे घर बांधताना आम्ही गवंड्याला, सुताराला, वीजतंत्र्याला शंभर गोष्टी सांगतो. ‘येथे बसून वाचायचे आहे’ एवढे सांगणारा घरमालक आम्हांला तरी विरळाच भेटला आहे.

यावर ठरलेले उत्तर येते, मोबाईलने वाचन गिळले. आम्हांला हे उत्तर पळवाटेचे वाटते. मोबाईल जिंकला, कारण वाचनाच्या वेळेचा आणि जागेचा प्रश्न त्याने आपल्यापुरता सोडवला. तो उशाशी असतो, रांगेत असतो, जेवणाच्या ताटाशेजारीही असतो. त्याच्यापर्यंत जावे लागत नाही. पुस्तक मात्र आम्ही माळ्यावर चढवले आणि मग ते कोणी उतरवत नाही म्हणून तंत्रज्ञानाच्या नावाने बोटे मोडली. शिवाय जो वेळ नव्हता म्हणून आम्ही वाचत नव्हतो, तोच वेळ रोज रात्री त्या चकाकत्या पडद्यावर खर्च होताना दिसतो. तेव्हा वेळ नव्हता, हे म्हणणे खोटे ठरते. तो राखलेला नव्हता, एवढेच खरे.

मात्र एक अपवाद आम्ही मान्य करतो. विरारहून चर्चगेटपर्यंतचे सुमारे साठ किलोमीटरचे अंतर रोज दोन्ही वेळा लोकलमध्ये उभ्याने काटणाऱ्या माणसाला वाचनाचा उपदेश करणे ही क्रूरता आहे. ज्याला बसायला मिळते, त्याच्यासाठी गाडीइतके उत्तम वाचनालय नाही; तेथे दाराची घंटा वाजत नाही, कुकरची शिटी होत नाही. परंतु ज्याला दोन पाय टेकायला जागा नाही, त्याने पान कोठे उलटावे? म्हणूनच घरी परतल्यावर त्याच्यासाठी पाव तास आणि एक खुर्ची राखून ठेवणे अधिक अगत्याचे आहे. घरच्या गृहिणीची गोष्ट तर याहून बिकट. पुरुष वर्तमानपत्र उघडून बसला, तर ते वाचन. ती दुपारी भांडी आवरून कादंबरी घेऊन बसली, तर तो रिकामपणा, असा हिशेब अजूनही कित्येक घरांत चालतो. सोळाव्या शतकात स्पेनमधील आविला नगरात एक आई वीरकथांच्या कादंबऱ्या वाचत असे. घरच्या कर्त्या पुरुषाला ते रुचत नसे, म्हणून मुले त्याच्या नकळत ती पुस्तके वाचत. त्यांतली एक मुलगी पुढे संत तेरेझा झाली. त्या कादंबऱ्यांच्या नादाला तिने नंतर स्वतःच दोष दिला, हे आम्ही लपवत नाही. परंतु चांगल्या ग्रंथांनीच तिला वळणावर आणले, हेही तिनेच लिहून ठेवले आहे. आणि १९७० साली ख्रिस्तसभेने ज्या पहिल्या स्त्रीला धर्मपंडित ही पदवी दिली, ती हीच. आई वाचताना दिसते, त्या घरात मुलांना वाचनाचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही.

खरे तर वेळ आणि जागा नेमून देणे ही आमच्या धर्मपरंपरेची जुनी विद्या आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी जे नियम लिहिले, त्यांत शेतीकामाच्या तासांबरोबर वाचनाचेही तास बांधून दिले. दुपारच्या जेवणानंतर विश्रांती घ्यावी, ज्याला वाचायचे असेल त्याने दुसऱ्याची झोप न मोडता वाचावे. रविवारी, ज्यांच्याकडे काही काम सोपवलेले आहे ते सोडून, सर्वांनी वाचनात वेळ घालवावा. उपवासकाळाच्या प्रारंभी प्रत्येकाला एकेक ग्रंथ द्यावा आणि त्याने तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढावा, इतक्या बारकाईने त्यांनी लिहिले. वाचनाच्या वेळी कोणी गप्पा छाटत तर नाही ना, हे पाहण्यासाठी एक-दोन ज्येष्ठांना फिरायलाही सांगितले. माणसाचा आळस ओळखून त्यांनी व्यवस्था केली. नुसती हळहळ केली नाही.

मिलानचे महागुरू संत अँब्रोज यांचे दार कोणालाही बंद नसे. कामाच्या रगाड्यातून मिळालेल्या थोड्या वेळात ते मुकाट्याने वाचत बसत आणि भेटीला आलेले संत ऑगस्टीन त्यांना न हटकता काही वेळ बसून निघून जात. वाचणाऱ्या माणसाचा वेळ चोरू नये, ही जाण त्यात आहे. आमच्याकडे कोणी पुस्तक उघडून बसला, की तो मोकळा आहे असे समजून त्याला दुकानात पिटाळले जाते.

आणि जागेचे महत्त्व पाहायचे असेल, तर १५२१ सालच्या लोयोलाच्या गढीत जावे. पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला इग्नेशियस अंथरुणाला खिळला होता. त्याने वीरकथा मागितल्या; त्या घरात त्या नव्हत्या. ख्रिस्ताचे एक चरित्र आणि एक संतचरित्रसंग्रह तेवढा होता. तोच त्याच्या हाती आला आणि पुढे येशूसंघ जन्मला. त्या घरी तीही पुस्तके नसती तर? आज आमच्या घरात कोणी पाय मोडून महिनाभर पडला, तर त्याच्या उशाशी काय येईल, याचा प्रत्येक कुटुंबाने एकदा विचार करावा.

आमच्या मराठी मातीतही हे शहाणपण होतेच. चातुर्मासात पोथी लावणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांनी दुपारची वेळ आणि ओसरीची जागा पिढ्यानपिढ्या सांभाळली. फादर थॉमस स्टीफन्स यांनी पुराणश्रवणाची ही गोडी मोडली नाही. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचून त्यांनी तिला नवा आशय दिला; १६१६ साली ते गोव्यात राशोल येथे छापले गेले. एकाने म्हणायचे आणि मंडळींनी ऐकायचे, अशी ती रचना. फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली केंदळसारख्या खेड्यातून ‘निरोप्या’ काढला, तेव्हा अक्षरे जुळवता येणारी माणसे किती थोडी होती! आज सारे साक्षर आहेत. वाचनाच्या वेळा आणि जागा मात्र नाहीशा झाल्या आहेत.

आता धर्मग्रामाकडे वळू. आमच्या पाहण्यातल्या एका धर्मग्रामात उत्तम ग्रंथालय आहे. त्याची वेळ सोमवार ते शुक्रवार, सकाळी दहा ते बारा. म्हणजे नोकरदार कचेरीत, मुले शाळेत आणि गृहिणी चुलीपाशी असतात, नेमकी तीच वेळ. रविवारी मिस्सा संपल्यावर शेकडो माणसे आवारात रेंगाळतात. त्या दिवशी ग्रंथालयाला सुट्टी! आणि वर्षाच्या अहवालात खंत व्यक्त होते, की वाचकांचा प्रतिसाद नाही. संत बेनेडिक्ट यांचा रविवार आणि आमचा रविवार यांतला हा फरक आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरील भिलार गावाने २०१७ साली पुस्तके घराघरांत, शाळेत आणि मंदिरातही मांडली. कोणीही यावे, बसावे, वाचावे. तेथे पर्यटकांची वर्दळ आहे, सरकारचा हात आहे, हे खरे. पण पुस्तक कुलपातून काढून माणसाच्या वाटेवर ठेवायला सरकार कशाला हवे?

काही सज्जन म्हणतील, धार्मिक वाचन पुरे आहे. कथा-कादंबऱ्यांना धर्मग्रामाने जागा का द्यावी? त्यांनी ध्यानात घ्यावे, की निषिद्ध ग्रंथांची यादी ख्रिस्तसभेनेच १९६६ साली मोडीत काढली. आणि १७ जुलै २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी साहित्याच्या महत्त्वाविषयी एक खास पत्र लिहिले. तरुणपणी साहित्य शिकवलेल्या त्या पोपमहोदयांनी त्यात वेळेचाच विचार केला आहे: सुट्टीतले कंटाळवाणे दिवस, ओस पडलेल्या वस्तीतला उन्हाळा, थकवा आणि निराशेच्या अशा घटका, की ज्यांत प्रार्थनेनेही मन स्थिरावत नाही. अशा वेळी एखादे चांगले पुस्तक माणसाला सावरून धरते, असे ते सांगतात. आपण त्यांच्याहून अधिक सोवळे व्हायचे कारण नाही.

प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. आमची बहुतेक मुले आता इंग्रजी शाळेत जातात. शाळेने मराठीचे दार अर्धे लोटले आहे. घरातले वाचन हेच उरलेले अर्धे दार. तेही बंद झाले, तर आमच्याच प्रार्थना आणि भक्तिगीते आमच्या नातवंडांना अर्थाविना ध्वनी वाटतील. जानेवारी २०२० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आम्ही छाती फुगवून टाळ्या वाजवल्या. २०२४ साली ते गेले, तेव्हा डोळे पुसले. त्यांचे एक तरी पुस्तक त्या टाळ्या वाजवणाऱ्या किती घरांत आहे?

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि रोकड्या आहेत. धर्मग्रामाचे ग्रंथालय रविवारी मिस्सेनंतर तासभर उघडे असावे. त्यासाठी एक दिवस आतल्या खोलीत कुलूप पडले तरी चालेल, पण पुस्तकांचे टेबल आवारात यावे. राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन परतणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या हाती एक पुस्तक द्यावे आणि पुनरुत्थानाच्या सणापर्यंत ते वाचून परत मागावे. घरात रात्रीची जपमाळ संपल्यावर लगेच दूरदर्शन संच न लावता पाव तास प्रत्येकाने आपले पुस्तक उघडावे. आईनेही, तिला स्वयंपाकघरातून बोलावून.

जपमाळेला वेळ मिळतो, कारण ती वेळ वाडवडिलांनी ठरवून दिली. वेदीला जागा मिळते, कारण ती आधी आखलेली असते. पुस्तकाने याहून अधिक काही मागितलेले नाही.