परवानगीच्या कागदावर पुराची रेषा हवी

22 जुलै 2023 रोजी यवतमाळ जिल्ह्यात पावसाने कहर केला. महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्याला पाण्याचा वेढा पडला. तिथे 45 जण अडकल्याचे तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केले आणि सुटकेसाठी हवाई दलाची 2 हेलिकॉप्टर मागवण्यात आली. यवतमाळ शहराला लागून वाहणाऱ्या वाघाडीचे पाणीही काठच्या घरांत शिरले. त्याआधीच्या वर्षी, जुलै 2022 मध्ये, वर्धा नदीच्या पुराने वणी तालुक्यातील गावे वेढली होती.

पूर ओसरला की पंचनामे होतात, मदत जाहीर होते आणि पडलेले घर त्याच जागेवर पुन्हा उभे राहते. त्या जागेवर बांधायला परवानगी कोण देतो, आणि देताना काय पाहतो?

नियम आहेत. पाटबंधारे खात्याने 1989 मध्येच पूररेषांचे निकष ठरवले. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, तर 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने हेच बांधकामाला लागू केले. नदीकाठ ते निळी रेषा या पट्ट्यात नवे घर नाही; बाग, वाहनतळ, खुला भाजीबाजार, स्मशानभूमी असेच वापर चालतात. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे घर बांधता येते, पण लाल रेषेच्या पातळीहून 0.45 मीटर, म्हणजे सुमारे दीड फूट उंचीवर.

पण रेषाच आखलेली नसेल तर हा दीड फूट मोजायचा कुठून?

वर्धा, पैनगंगा यांसारख्या मोठ्या नद्यांची मोजमापे तरी होतात. या जिल्ह्यात माणसे नाल्यांतही वाहून जातात. 28 सप्टेंबर 2021 रोजी उमरखेडजवळ दहागावच्या पुलावरून एसटीची बस वाहून गेली, ती नाल्याच्या पुरात. एरवी कोरडा असलेला नाला ढगफुटीसारख्या पावसात तासाभरात पात्र सोडतो. अशा नाल्याकाठी वाढलेल्या वस्तीला लाल-निळ्या रेषेचे संरक्षण क्वचितच मिळते.

त्यातच 2021 मध्ये ग्रामविकास विभागाने परवानगी सोपी केली. गावात 1,600 चौरस फुटांपर्यंतच्या घराला परवानगीची गरज उरली नाही. मालकी हक्काची कागदपत्रे, नकाशा आणि परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीत जमा केला, विकास शुल्क व कामगार उपकर भरला की काम सुरू करता येते. 3,200 चौरस फुटांपर्यंतची परवानगी ग्रामपंचायतच देते. नगररचना कार्यालयाचे खेटे वाचले, हे चांगलेच झाले. ती सवलत काढून घेण्याचे कारण नाही. मात्र ‘या जागेवर पाणी कुठवर चढले होते?’ हा प्रश्न विचारणारी जबाबदार खुर्ची आता अभियंत्याच्या सहीशिवाय उरलेली नाही.

त्याचे उत्तर गावात मिळते. मातीच्या भिंतीवर गाळाचा पट्टा कुठे राहिला, पोते भिजू नये म्हणून धान्य कितव्या फळीवर ठेवावे लागले, हे घरातली म्हातारी माणसे बोट ठेवून दाखवतात. पूर ओसरल्यावर आठवडाभरात तलाठी आणि ग्रामसेवकाने ती उंची मोजून नोंदवली, शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवली, तर जलसंपदा विभागाच्या सर्वेक्षणाला पाया मिळेल. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांचे नकाशे तयार होत आहेत. ही रेषा त्याच नकाशांवर उतरवता येईल.

नुसती रेषा आखून भागणार नाही. जुलै 2021 च्या महापुरानंतर चिपळूणमध्ये पूररेषांच्या पट्ट्यात शहराचा मोठा भाग आला, बांधकामे अडली आणि नागरिक संतापले. नाल्याकाठचा मजूर हौसेने तिथे राहत नाही. दुसरी जागा त्याच्याकडे नसते. घरकुल मंजूर झाले तरी ते त्याच तुकड्यावर बांधावे लागते. म्हणून नकाराच्या जोडीला जागा द्यावीच लागेल. पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना भूमिहीनांसाठी आहे. पूररेषेतल्या घरकुल लाभार्थ्यांनाही, स्वतःचा तुकडा असला तरी, तिचा लाभ आधी मिळायला हवा. गावाजवळची उंचावरची शासकीय जमीन त्यांच्यासाठी राखून ठेवायला हवी.

याची सुरुवात महागाव, उमरखेड आणि वणी या 3 तालुक्यांपासून व्हावी. जिल्हाधिकाऱ्यांनी नाल्यांच्या पूरखुणांचे नकाशे 1 मेच्या ग्रामसभांपुढे ठेवावेत आणि जूनपासून त्या खुणेची नोंद असल्याशिवाय अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीने स्वीकारू नये.