मांदियाळीचे सुख

मराठी संतकाव्यावर आपल्याकडे जे लिहिले जाते आणि वर्गांतून जे शिकवले जाते, त्यात देव असतो, भक्त असतो आणि त्या दोघांमधले अंतर असते. आर्तता, विरह, साक्षात्कार, अद्वैत असे टप्पे पाडून त्या अंतराचा हिशेब मांडला की प्रकरण संपते. या मांडणीत तिसरा एक पक्ष कायम गैरहजर राहतो, तो म्हणजे शेजारी उभा असलेला दुसरा भक्त. आमचे म्हणणे असे की, संतकाव्यातला आनंद बराचसा या तिसऱ्याकडून आलेला आहे आणि त्याला वगळणारे वाचन हे काव्य अर्धेच वाचते. 'संतसंग' हा शब्द आपण सुविचारांच्या फळ्यावर नेऊन ठेवला. चांगल्या मुलांच्या संगतीत राहावे, या शालेय उपदेशाच्या शेजारी! त्यामुळे तो शब्द एका काव्यानुभवाचे नाव आहे, हेच विसरायला झाले.

गीतेच्या दहाव्या अध्यायात एक लहानसा श्लोक आहे. ज्यांचे चित्त आणि प्राण भगवंतात गुंतले ते एकमेकांना त्याचा बोध करतात, त्याच्याविषयी बोलतात आणि त्यातच रमतात, एवढाच त्याचा आशय. ज्ञानदेव मात्र इथे रेंगाळतात. त्यांना दिसतात ती एकमेकांना लागून असलेली दोन तळी. दोन्ही उचंबळून येतात, पाणी पाण्यात मिसळते आणि मग लाटेला राहायला लाटांचेच घर मिळते. पाठोपाठ दुसरी प्रतिमा येते: गुरूने शिष्याच्या कानात एकांतात सांगावे असे जे अक्षर, तेच हे लोक मेघांसारखे त्रिभुवनात गर्जून सांगत सुटतात, उमललेल्या कमळाला आपला सुगंध झाकून ठेवता येत नाही, तसे.

या दोन प्रतिमांत एक अख्खे काव्यशास्त्र आहे, असे आम्हांला वाटते. पहिलीत आनंद एका तळ्यातून दुसऱ्यात ओतला जात नाही. कोणी दाता नाही, कोणी याचक नाही. दोन्ही भरलेली आहेत आणि भरलेली आहेत म्हणूनच त्यांची भेट होते. दुसरीत रहस्याची रीतच उलटली आहे. जे जपायचे ते उघड करण्यातच सुख आहे. गीतेला मराठीत आणणाऱ्या कवीने हे लिहावे, याला निराळे वजन आहे. नेवाशाला शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) जे घडले तेही एकांतातले लेखन नव्हते. समोर श्रोते आहेत, नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव त्यांचे अवधान मागतात, लाडिकपणे मागतात, आणि श्रोतेही बोलतात. ग्रंथाच्या अखेरीस पसायदानात मागणे येते तेव्हा भूतमात्रांना कोणाची भेट घडावी? ईश्वरावर निष्ठा असणाऱ्यांच्या मेळाव्याची, मांदियाळीची. तुकोबांनी तर मोक्ष आणि संपत्ती दोन्ही बाजूला सारून देवाकडे संतांची संगत मागितली आणि त्या बदल्यात पुन्हा पुन्हा जन्म घ्यायची तयारी दाखवली. मुक्तीपेक्षा सोबत मोठी, असे हे साधे आणि विलक्षण विधान आहे. आपण ते आरतीनंतर सवयीने म्हणून टाकतो.

अभंगाचा घाटही हेच सांगतो. छापील गाथेत जिथे 'ध्रु.' एवढीच खूण असते, तिथे प्रत्यक्षात टाळकऱ्यांचे गळे असतात. ध्रुपद ही कवीने इतरांसाठी मोकळी ठेवलेली जागा आहे. कीर्तनकाराने प्रमाणाचा चरण उच्चारायचा आणि मागच्यांनी तो उचलून धरायचा. परंपरा तुकोबांच्या मागे चौदा टाळकरी उभे करते. त्यांच्यावाचून तुकोबांचे चित्र पुरे होत नाही. नाममुद्रेचेही तसेच. 'तुका म्हणे' हे शब्द तुकोबांइतकेच, किंबहुना अधिक, इतरांच्या तोंडी शोभतात. म्हणणारा दुसराच कोणी असतो आणि तो तुक्याचे म्हणणे तिसऱ्याला कळवत असतो. भावगीताच्या सवयीने आपण अभंगातला 'मी' एकटा करून टाकला. तो कधीही एकटा नव्हता.

इथे एक आक्षेप येणारच. समूहाच्या आनंदात बुद्धी हरवते, गर्दी माणसाला वाहवत नेते, हे आपण पुष्कळ पाहिले आहे. आक्षेप खरा आहे. परंतु गर्दी आणि मांदियाळी यांतला फरक परंपरेने एका गोष्टीतच सांगून ठेवला. गोरोबाकाकांच्या घरी संतमेळा जमला असता मुक्ताबाईच्या सूचनेवरून गोरोबांनी थापटणे उचलले आणि मडकी तपासावीत तशी एकेकाची डोकी तपासली. बाकीचे गप्प राहिले. नामदेव मात्र रागावले आणि 'कच्चे मडके' ठरले! देव ज्याच्याशी बोलतो, अशी ज्याची ख्याती, त्याला सोबत्यांनी कच्चे ठरवले. तिथून पुढे विसोबा खेचरांचे प्रकरण सुरू होते. गर्दीत कोणी आपल्या डोक्यावर थापटणे मारून पाहत नाही; तिथे सगळेच पक्के असतात.

नामदेवांच्या नावावर असलेल्या तीर्थावळीत या सुखाचे सर्वांत मानुष रूप दिसते. ज्ञानदेव नामदेवांना तीर्थयात्रेला चला म्हणतात. ज्ञानियाला तीर्थांची काय गरज? त्यांना हवी आहे ती वाटेवरची नामदेवांची संगत. नामदेवांना पंढरी सोडवत नाही, शेवटी विठ्ठलच त्यांना ज्ञानदेवांच्या हवाली करतो आणि मग स्वतःच त्यांच्यावाचून झुरत बसतो. त्याच नामदेवांच्या नावावर ज्ञानदेवांच्या समाधीचे अभंगही आहेत. इ. स. १२९६ च्या त्या कार्तिकातले ते दुःख वाचताना एक गोष्ट लक्षात येते. तत्त्वज्ञानाच्या हिशेबात तिथे शोकाला जागाच नाही. आत्मा अमर आहे आणि समाधी घेणारा स्वेच्छेने जातो आहे. तरी नामदेव रडतात आणि देवही कासावीस होतो. सोबतीचे सुख जर वेदान्ताचे एक उपांग असते, तर ते असे तुटताना इतके दुखले नसते.

एवढे म्हणून थांबलो तर मात्र लबाडी होईल. वारकऱ्यांच्या मेळाव्याची सांगता काल्याने होते. लाह्या, दही एकत्र कालवतात आणि एकमेकांच्या तोंडी घास देतात. उष्टे-खरकटे हा भेद तिथे मुद्दाम पुसला जातो. एरवी ज्याने विटाळ व्हायचा, तोच प्रसाद होतो. ही कल्पना फार मोठी आहे. मात्र तिच्या शेजारी चोखोबांचा मुलगा कर्ममेळा याचा अभंग ठेवून पाहावा. हीन जातीत जन्म दिलास, उष्टे खाण्यात आयुष्य गेले, तुला याची लाज कशी वाटत नाही, असे तो देवालाच विचारतो. उष्टे तेच. एकीकडे ते समतेचा खेळ आहे, दुसरीकडे वाट्याला आलेले जिणे. काल्याचा खेळ आनंदाचा होतो, कारण खेळ संपल्यावर घरी आपले ताट असते. कर्ममेळ्याकडे ते नव्हते. चोखोबांच्या अस्थी नामदेवांनी मंगळवेढ्याहून आणल्या, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी झाली ती महाद्वारी, देवळाच्या बाहेर. ते देऊळ अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. मधली सुमारे सहाशे वर्षे टाळ-मृदंग वाजतच होते.

म्हणून हे सुख खोटे ठरते काय? आम्हांला तसे वाटत नाही. कर्ममेळ्याचा प्रश्न टोचतो तो त्या सुखाने दिलेल्या वचनामुळेच. ज्यांनी सोबतीचे आश्वासनच दिले नाही, त्यांच्याकडे अशी तक्रार कोण करील? वर्गात कर्ममेळा 'विद्रोह' या शीर्षकाखाली आणि काला 'लोकपरंपरा' या शीर्षकाखाली, निरनिराळ्या घटकांत शिकवला जातो, तेव्हा दोन्ही कविता बोथट होतात. त्या एकाच तासाला वाचाव्यात.

उरतो प्रश्न श्रद्धा नसलेल्या वाचकाचा. साहित्याच्या वर्गातले आपण बरेचसे त्यातलेच. आपल्याला या सुखाचा अधिकार आहे का? दि. बा. मोकाशी पालखीबरोबर चालले ते कुतूहल आणि संशय सोबत घेऊन. १९६४ साली आलेले त्यांचे 'पालखी' हे पुस्तक भक्ताचे नाही, पण कोरड्या प्रेक्षकाचेही नाही. त्याआधी इरावती कर्व्यांनी 'वाटचाल' हा लेख लिहिला, तो 'परिपूर्ती'त (१९४९) आहे. समाजशास्त्रज्ञ बाई दिंडीत चालल्या आणि त्यांना ते सुख लाभले, हे लेखाच्या वाक्यावाक्यात जाणवते. त्याचबरोबर दिसले ते हे की, दिवसभर एका सुरात गाणारी ब्राह्मण आणि मराठा मंडळी जेवायला वेगळी बसतात. त्यांना ते सहन होईना. त्या मराठा बायकांबरोबर जेवल्या, आणि मग त्या बायका अधिक मोकळेपणाने जवळ आल्या, हात धरून चालू लागल्या, 'ताई' म्हणू लागल्या, पुण्याला घरी येऊ म्हणाल्या. त्यांच्यातल्या एका तरुण मुलीने तेव्हा इरावतीबाईंना विचारले की, आता वागता आहात तशाच तेव्हाही आमच्याशी वागाल ना?