फुजी शहराचे पाणी



मुलांच्या वहीचा कागद झाडापासून होतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पण कागदाला पाणीही फार लागते. म्हणून आज जपानमधील फुजी शहराची हकीकत सांगतो.

३७७६ मीटर उंच फुजी पर्वताच्या पायथ्याशी, समुद्रकाठी हे शहर वसले आहे. डोंगरावर मुरलेले पावसाचे व बर्फाचे पाणी येथे झऱ्यांतून वर येते. या मुलखात पूर्वी मित्सुमाता नावाच्या झुडपापासून हातकागद करीत. याच्या फांदीला तीन-तीन फाटे फुटतात. लागवडीनंतर सुमारे तीन वर्षांनी तोडणी करायची. बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात. फांद्या वाफवून साल सोलायची, राखेच्या पाण्यात शिजवून कुटायची आणि पाण्यात कालवून चाळणीवर कागद उचलायचा. त्या पाण्यात भेंडीच्या कुळातील एका झाडाच्या मुळांचा चिकट रस घालतात. त्यामुळे तंतूंच्या गुठळ्या होत नाहीत. भेंडी चिरताना हाताला लागणारा चिकटपणा भगिनींना सांगायला नकोच!

१८९० मध्ये येथे यंत्रावरची कागद गिरणी सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, घरोघरी रोजगार आला. पण जमिनीतून वारेमाप उपसा झाला. गोडे पाणी कमी झाले की समुद्राचे पाणी आत सरकते, तशा किनाऱ्याजवळच्या विहिरी खारावल्या. गिरण्यांचे सांडपाणी लगद्यासकट नद्यांवाटे तागोनोउरा बंदरात गेले. तेथे इतका गाळ साचला की मोठ्या जहाजांना आत येणे अवघड झाले. दुर्गंधी सुटली, मासेमारीवर संकट आले. अखेर ऑगस्ट १९७० मध्ये कोळी बांधवांनी होड्या घेऊन बंदरात निषेध केला. त्याच वर्षाअखेर जपानच्या संसदेने जलप्रदूषणाविरुद्ध कायदा केला. नंतर गाळ उपसला गेला, सांडपाण्यावर प्रक्रिया होऊ लागली, भूजलाच्या उपशावर निर्बंध आले. गिरण्या आजही चालू आहेत. रद्दीपासून केलेल्या शौचालयाच्या कागदासाठी हे शहर प्रसिद्ध आहे.

तेव्हा आपल्या शिवारात कारखाना येणार असेल, तर त्याला नुसता विरोध करू नका आणि नुसते हारही घालू नका. ग्रामसभेत दोन प्रश्न विचारा. पाणी कोठून व किती घेणार? वापरलेले पाणी कोठे सोडणार? उत्तरे लेखी घ्या. नोकरी एका पिढीची असते, विहीर नातवंडांचीही असते.