एका ‘एस’चा फरक

सुट्टीत मुलांना मुंबई दाखवायची म्हणजे भायखळ्याची राणीची बाग आलीच. मात्र ती दर बुधवारी बंद असते, हे लक्षात ठेवा. बुधवारी सार्वजनिक सुट्टी असेल, तर त्या दिवशी उघडी आणि दुसऱ्या दिवशी बंद!

आता हेच मुलांना इंग्रजीत सांगायला लावा. बरीच मुलं ‘इन वेन्सडे’ म्हणतात. कारण ‘घरात’ म्हणजे ‘इन’, एवढंच त्यांनी पाठ केलेलं असतं. पण आपल्या शाळेतली सप्तमी आठवते ना? त, ई, आ! ‘घरात’मधला ‘त’ म्हणजे ‘इन’, तर ‘बुधवारी’मधला ‘ई’ म्हणजे ‘ऑन’. एखाद्या बुधवारी असेल तर ‘ऑन वेन्सडे’. दर बुधवारी म्हणायचं असेल तर शेवटी ‘एस’ लावून ‘ऑन वेन्सडेज’. ‘एव्हरी’, ‘धिस’ किंवा ‘नेक्स्ट’ आलं, की ‘ऑन’ला सुट्टी. आणि वाराचं पहिलं अक्षर वाक्यात कुठेही आलं तरी मोठंच.

आपलं इंग्रजी कच्चं म्हणून कितीतरी आया मुलांच्या अभ्यासातून अंग काढून घेतात. मला हे पटत नाही. ज्या बाईला ‘बुधवारी’ आणि ‘दर बुधवारी’ यातला फरक कळतो, तिला हे व्याकरण निम्मं येतंच. उरलेलं मुलांबरोबर बसून शिकावं. त्यात कसली आलीय लाज?