पडद्यावरचा डॉक्टर आणि गावाकडचा फौजी

सैन्यातून निवृत्त झालेला माणूस म्हणजे वयोवृद्ध पेन्शनर, अशी शहरी सुशिक्षितांची एक समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. अठराव्या-विसाव्या वर्षी भरती झालेला शिपाई पंधरा-सतरा वर्षांची नोकरी संपवून गावी परततो, तेव्हा तो फार तर चाळिशीच्या उंबरठ्यावर असतो. पलटणीत त्याचे उठणे, जेवणे, धावणे, झोपणे सारे बिगुलाच्या हुकमावर चाललेले असते. घरी आल्यावर बिगूल थांबतो. गुडघेदुखी, तोफांच्या आवाजाने मंदावलेले कान आणि उडालेली झोप मात्र पुष्कळदा त्याच्याबरोबर येतात. या झोपेवर कॅन्टीनमधली स्वस्त रम हेच अनेकांना सर्वांत सोपे औषध वाटते, ही गोष्ट फौजी गावांत कोणाला सांगावी लागत नाही. अशा माणसाचे आरोग्य म्हणजे केवळ त्याच्या एकेका अवयवाचे आरोग्य नव्हे.

माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना 1 एप्रिल 2003 रोजी सुरू झाली. देशभरातील चारशेहून अधिक पॉलिक्लिनिकांतून निवृत्त सैनिक, त्यांच्या पत्नी, विधवा व अवलंबून असलेले आईवडील यांना उपचार मिळतात. परंतु माण-खटावच्या एखाद्या वाडीतून पॉलिक्लिनिक गाठायचे, रांगेत बसायचे आणि संध्याकाळच्या एसटीने परतायचे, यात अख्खा दिवस मोडतो. कोविडच्या साथीत तर हीही वाट अडली. केंद्र सरकारने मार्च 2020 मध्ये दूरवैद्यकाची नियमावली जाहीर केली आणि 27 मे 2021 रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी ‘सेहत’ ही सेवा औपचारिकपणे सुरू केली. टोकन घ्यावे, मोबाइलच्या पडद्यावर डॉक्टरांशी बोलावे, औषधाची चिठ्ठी घरबसल्या मिळवावी, अशी ही सोय. रक्तदाबाच्या वा मधुमेहाच्या रुग्णाचा एक फेरा वाचला, हे थोडे नव्हे.

मात्र अंतर मिटले म्हणजे आडपडदा मिटला असे होत नाही. टोकनाच्या रांगेत आज जो डॉक्टर भेटेल तोच पुढच्या महिन्यात भेटेल, याची हमी नसते. त्यातून सैनिकाची सारी शिकवण तक्रार न करण्याची. सैन्यातला डॉक्टर हा अधिकारीही असतो. त्याने ‘कसे आहे?’ विचारले की ‘ठीक आहे, साहेब’ हे उत्तर तोंडपाठ असते. गुडघ्याचे दुखणे अनोळखी माणसाला सांगता येते. तीन-तीन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, हे सांगायला ओळख लागते. शिवाय दोन खोल्यांच्या घरात हे बोलायचे कुठे? पडद्यावर डॉक्टर आणि पाठीमागे सून, नातवंडे, शेजारी, अशा स्थितीत माणूस सर्दी-खोकल्यापलीकडे जाणार नाही.

अमेरिकेतील अनुभव येथे पाहण्यासारखा आहे. तेथील माजी सैनिकांचे खाते काही आदर्श नव्हे. फिनिक्स येथील रुग्णालयात प्रतीक्षायाद्यांत लबाडी झाल्याचे 2014 मध्ये उघडकीस आले आणि खात्याचे मंत्री एरिक शिन्सेकी यांना राजीनामा द्यावा लागला. पण याच खात्याने वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाला तोंड देताना उपचाराची दिशा बदलली. तेथील ‘होल हेल्थ’ पद्धतीत आजाराच्या आधी ‘तुमच्या लेखी महत्त्वाचे काय?’ हा प्रश्न येतो. औषधांच्या जोडीला योग, ध्यान, व्यायाम येतात आणि हे सारे मार्गी लावण्यासाठी एक मार्गदर्शक असतो. दूरसंपर्काचे साधन या नात्याच्या सेवेला जुंपले गेले. खात्यातील डॉक्टरांना राज्याची हद्द ओलांडून पडद्यावरून उपचार करण्याची मुभा 2018 मध्ये मिळाली. ज्यांच्याकडे साधन नाही त्यांना टॅब्लेट दिले गेले आणि काही ठिकाणी माजी सैनिकांच्या संघटनांच्या वास्तूंत बंद दाराची खोलीही उपलब्ध झाली.

महाराष्ट्रात अशी खोली शोधायला फार लांब जावे लागू नये. येथे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत, गावोगावी ग्रामपंचायती आहेत. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर 2023 मध्ये सैन्यदलांसाठी ‘टेलिमानस’चा खास कक्षही उघडला गेला. उणीव आहे ती दोन टोके जोडणाऱ्या माणसाची. निवृत्त नर्सिंग असिस्टंट गावोगावी आहेत. त्यांच्यापैकी एकाला पन्नास-साठ घरे नेमून द्यावीत. त्याने रक्तदाब मोजावा, घरच्या बाईशी बोलावे, फोन लावून द्यावा आणि स्वतः बाहेर बसावे. कृत्रिम पाय बसवायला पुण्याच्या केंद्रातच जावे लागेल, तेथे पडद्याचा उपयोग नाही. पण पाय बसवून आल्यावर तो वापरला जातो की खुंटीला टांगलेला आहे, हे या माणसाला ठाऊक असेल.

यातला एक प्रश्न सरकारने अनुत्तरित ठेवला आहे. 2022 मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेच्या अटींनुसार चार वर्षांनंतर बाहेर पडणाऱ्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणून ही आरोग्य योजनाही नाही. पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी 2023 मध्ये सुरू झाले. तिची चार वर्षे 2026 च्या अखेरीस भरतात. त्यांच्यातील ज्याची झोप उडालेली असेल, त्याने टोकन कोणत्या रांगेत घ्यायचे?