वाइनची द्राक्षे : आधी गिऱ्हाईक, मग वेल

स्वतःची द्राक्षबाग आणि तिच्या शेजारीच घरच्या माणसांनी चालविलेली लहानशी वायनरी, हे चित्र मोठे मोहक आहे. नाशिककडील अशा तांबड्या वाइनच्या वार्ता ऐकून सेलू तालुक्यातील वालूरसारख्या गावचा तरुण शेतकरी 'आपणही ही द्राक्षे का लावू नयेत?' असे विचारू लागला, तर त्यात नवल नाही. ग्रामकार्यकर्त्यांनी त्याला उत्तर देताना एक गोष्ट निक्षून सांगावी : फळ कोण घेणार हे पक्के झाल्यावाचून वाइनच्या द्राक्षाची एकही काडी जमिनीत लावू नये.

याचे कारण त्या फळातच आहे. तांबड्या वाइनचा रंग बहुधा गरात नसून सालीत असतो. म्हणून ठेचलेली द्राक्षे सालीसकट आंबवितात. शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों या जातींचे मणी लहान, बियांचे व जाड सालीचे असतात. रसातील साखर २२ ते २४ अंश ब्रिक्सपर्यंत चढावी म्हणून वेलीवर घडही मोजकेच ठेवतात. खाण्याच्या द्राक्षांच्या बाजारात अशा फळाला कोणी विचारीत नाही. थॉमसनचा भाव पडला तर बेदाणा करता येतो; शिराझला मात्र वायनरीवाचून दुसरे दार नाही.

हे दार बंद झाले म्हणजे काय होते, ते नाशिकने पाहिले आहे. २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखल्यावर वायनऱ्या झपाट्याने वाढल्या. २००८ नंतरच्या मंदीत मागणी घटली, साठे पडून राहिले, आणि अनेक शेतकऱ्यांना उभ्या बागा तोडाव्या लागल्या. तेव्हा नुसत्या करारावर विसंबू नये. त्यात किमान भाव, उचलावयाचा माल, पैसे देण्याची मुदत आणि माल न उचलल्यास भरपाई, या चारही गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात.

स्वतःचीच वायनरी काढावी म्हटले, तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना, पोलादी टाक्या, थंडाव्याची सोय आणि बाटल्या हा खर्च आधी उभा राहतो. शिवाय चांगली तांबडी वाइन मुरेपर्यंत भांडवल अडकून पडते. नाशिकजवळ गुरनानी कुटुंबाने 'यॉर्क' वायनरीस चांगले नाव मिळवून दिले. तीही २०२१ साली 'सुला' या मोठ्या कंपनीकडे गेली. घरगुती वायनरी अशक्य नाही. परंतु ती शेतीबरोबरच व्यापारही आहे, हे ओळखूनच त्यात उतरावे.

आता आपल्या भूमीचा विचार करू. भारी काळी जमीन पाणी धरून ठेवते, आणि द्राक्षवेलीच्या मुळांना साचलेले पाणी सोसत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ऐन उन्हाळ्यात बागेला पाणी लागते. फेब्रुवारी-मार्च हा फळ पिकण्याचा काळ. २०१४ साली याच दिवसांत मराठवाड्याला गारपिटीने झोडपले होते. शेजारच्या जालना जिल्ह्यातील कडवंचीने आधी पाणलोटाची कामे व शेततळी केली आणि त्या पाण्यावर खाण्याच्या द्राक्षांच्या बागा फुलविल्या. तो क्रम अनुकरणीय होय. वालूरच्या ग्रामस्थांनीही जुन्या बारवा गाळ काढून मोकळ्या केल्या आहेत; पाण्याचे मोल या गावाला नव्याने सांगावयास नको.

म्हणून ज्यास हा प्रयोग करावयाचाच असेल, त्याने प्रथम मातीची व पाण्याची तपासणी करून घ्यावी, परभणीच्या कृषी विद्यापीठाचा आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा, आणि करार पक्का झाल्यावरही थोड्याच क्षेत्रावर आरंभ करावा. द्राक्षाचे भरीव पीक हाती येण्यास दोन-तीन वर्षे लागतात. तोवर घर चालविणारे पीक मोडून बाग लावणे शहाणपणाचे नव्हे.